परातीतला समुद्र

मी समुद्र पाहिलेला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाची फसगत नको. लोणारला माहेर, मेहकरला सासर, सगळा जन्म बुलढाणा जिल्ह्यात गेला. पण समुद्राकाठचे कडे आणि मावळता सूर्य मी इतक्या वेळा रंगवला की एके काळी मेहकरच्या बाजारात जिथे जाल तिथे माझा समुद्र टांगलेला असायचा. सलूनमध्ये, हॉटेलात, कापडाच्या दुकानात, एका सायकलवाल्याकडे हवेच्या पंपावर. या अंकाच्या संपादकबाईंना वाटलं मी कोकणातली. नाही म्हटलं तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, हेच लिहा. चौथी शिकलेली बाई लिहील तसं लिहिते आहे.

आमचे मालक पेंटर होते. बस स्टँडजवळ दुकान. नवं राज्य झालं तेव्हा सरकारी पाट्यांवरचं राज्याचं नाव बदलायचं निघालं आणि आम्हाला जेवायला फुरसत नव्हती. हे खडूने अक्षरांच्या रेघा काढायचे, मी आत रंग भरायची. पेंटरांच्या घरचा हा रिवाजच होता. रेघ मालकाची, भरणं बाईचं. खाली नाव रेघवाल्याचं. मला त्याचं काही वाटलं नाही. मात्र रंग रेघेबाहेर गेला की ती चूक माझी असायची.

पाटीला इनॅमलचा डबा चालतो. चित्राला तेलरंग लागतो. नळीतला रंग अकोल्याहून यायचा आणि परवडायचा नाही, म्हणून मोठ्या चित्रासाठी आम्ही रंगाची पूड फरशीवर जवसाच्या उकळलेल्या तेलात घोटायचो. मांजरपाट चौकटीवर ताणायचा, त्याला सरस आणि खडूचा हात द्यायचा, वाळला की घासायचा. मग रंग. तेलरंगाचा स्वभाव म्हातारीसारखा आहे. वरून कातडी धरतो, आत कितीतरी दिवस ओला असतो. त्यात आमच्याकडची धूळ आणि माशा. हॉटेलातल्या एका चित्रात समुद्रावर पक्षी उडतो आहे. लोक त्याचं कौतुक करतात. ती माशी आहे.

आता ज्या चित्राबद्दल लिहायचं ते.

तुळशीरामशेठ कापडवाले आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांचा मुलगा सरकारी नोकरीत रत्नागिरीकडे होता, तिकडचीच मुलगी करून आला. पुढे त्याची बदली इकडे झाली आणि सून मेहकरला आली. निर्मला तिचं नाव. शेठनं दुकानात येऊन यांना सांगितलं तेव्हा मी मागे रंग घोटत होते.

"पेंटर, मले समुद्र पाह्यजे. मोठा. दिवानखान्यातल्या भिंतीले. डोंगर असा सरळ पाण्यात उतरलेला आन् दिवस बुडून राह्यला."

"एकदम समुद्र काऊन शेठ?"

"आता काय सांगू. सूनबाई जेवत नाही, झोपत नाही. इथं आवाजच नाही म्हणते. आवाज मी कुठून आणू? म्हटलं चित्र तरी टांगू. दिवाळीच्या आत पाह्यजे."

हे हो म्हणाले. लग्नाआधी हे मुंबईला एका पडदे रंगवणाऱ्याकडे काही महिने होते. तेव्हा समुद्र पाहिला असेल असं मी धरून चालले होते. एकदा विचारलंही होतं, समुद्रात काय दिसते. हे म्हणाले, "पाणी." त्यापुढे बोलणं गेलं नाही.

यांनी कापड ताणलं, वरचं आभाळ रंगवलं, त्यात उजव्या अंगाला सूर्य काढला. शेंदरी, कडेला पिवळा, आजूबाजूला ढग. सूर्य चांगलाच झाला होता. मग यांना कावीळ झाली आणि पावसाळा सरता सरता हे गेले. त्यावर मी जास्त लिहीत नाही.

दुकानात ते कापड तसंच उभं होतं. वरचं अर्धं रंगवलेलं, खालचं अर्धं कोरं. कोऱ्या भागावर कोळशाच्या दोन रेघा. एक आडवी. दुसरी उजव्या कडेपासून सूर्याच्या खालून तिरकी उतरलेली. बस.

माझे दीर बळीराम, यांचे धाकटे भाऊ, शेती पाहायचे. तेरावं झाल्यावर ते दुकानात आले आणि चौकटींना हात लावून पाहायला लागले.

"वहिनी, दुकान एका सायकलवाल्याले देतो म्हटलं. तुम्ही घरी राहा. वावरात हात लागते तेव्हा या."

"दुकान चालवते मी."

"पाट्या रंगवसान?"

"हाव."

"रेघ कोन काढीन?"

मी जन्मात एक रेघ काढली नव्हती. तेवढ्यात शेठ आले. दुःखाचे दोन शब्द बोलले आणि चित्राकडे पाहत राहिले.

"बाई, याचं आता कसं?"

"होईल. मी करते."

"तुमाले येते?"

"रंग तर मीच भरत होती आजवर."

"रंगाचं नाही इचारलं. समुद्राचं येते का?"

बळीरामभाऊजी मध्येच म्हणाले, "शेठ, असं करू. दिवाळीच्या आत वहिनीनं तुमचं चित्र तुमच्या पसंतीचं करून देल्लं तर दुकान त्याहीचं. नाही तर चाबी माह्यापाशी."

शेठला वाटलं आपण पंच झालो. ते खूश झाले. मला कोणी विचारलं नाही, पण मी हो म्हटलं.

मग मी रेघा पाहत बसले. आडवी रेघ म्हणजे पाण्याची कड, हे समजलं. तिरकी रेघ म्हणजे कडा असणार. पाण्याभोवती उभा कडा मला एकच माहीत होता, माहेरचा, लोणारच्या सरोवराचा. रंग लावायच्या आधी मी माहेरी जाऊन आले. उगवतीकडच्या काठावर बसून दिवस बुडताना पाहिलं. सूर्य समोरच्या कड्यामागे गेला, कडा काळा पडला, खाली पाणी हिरवट आणि मुकाट. यांच्या रेघेतही सूर्य कड्याच्या वरच होता. सगळं जुळलं. रेघ दिसली आणि मी आत रंग भरला, इतकी वर्षं भरत आले तसा. कडा काळाकुट्ट, पाणी हिरवं. लाटा असतात असं ऐकलं होतं म्हणून पाण्याला फणीने ओढल्यासारख्या चार ओळी दिल्या. मला चित्र आवडलं होतं.

शेठ सुनेला घेऊन पाहायला आले. निर्मला बारीक, गोरी, डोक्यावरचा पदर सारखा सरकायचा, तो सावरण्यातच तिचा अर्धा जीव जायचा. ती चित्रासमोर उभी राहिली.

"ही सकाळ आहे का?" तिने विचारलं.

"सकाळ कशी? तुमच्या सासऱ्यानं दिवस बुडताचं सांगतलं."

"मग सूर्य कड्यामागे कसा? तो पाण्यात जातो ना."

"पाण्यात जाते म्हंजे?"

"म्हणजे पाण्यात. समोर. खाली खाली जातो आणि जातो."

मी शेठकडे पाहिलं. शेठ म्हणाले, "मले नको इचारू. मी अकोल्याच्या पलीकडे गेलो नाही."

मी तिला म्हटलं, "इथं तर तो डोंगरामागंच जाते. रोज."

"इथं जात असेल. आमच्याकडे डोंगरामागून येतो. आणि कडा काळा का केलात? तांबडा असतो."

आता मी चिडले. "दिवस बुडतानी त्याच्यावर उजेड पडते म्हून तांबडा, का मुळातच तांबडा?"

तिने पदर सावरला. मग म्हणाली, "ते मला सांगता नाही येणार. रोज समोर असायचा ना, कधी बघितलाच नाही असा."

"दुपारी कसा असते?"

"तांबडाच. जांभ्याचा दगड आहे तो."

"मंग संध्याकाळी कसा होते? आणखी तांबडा?"

"आणखी... नाही. हो. म्हणजे वेगळा होतो."

शेठनं कपाळाला हात लावला. मी विचारलं, "तू पाह्यलं कुठून? उभी कुठं होतीस?"

"आमच्या अंगणात."

"अंगणातून कडा दिसते?"

"नाही. आमचं अंगण कड्यावरच आहे."

"म्हंजे कडा तुह्या पायाखाली. मंग तो तुले दिसला कसा?"

"खालून दिसतो. बाबांबरोबर एकदा होडीतून गेले होते तेव्हा."

"तवा सूर्य कुठं होता?"

ती विचार करायला लागली. हात मागे नेला, पुढे आणला, पुन्हा मागे नेला. "पाठीमागे," ती म्हणाली. "कडा समोर, सूर्य पाठीवर."

"मंग एका चित्रात दोन्ही कसे येतीन? हे चित्र पाहून कोन राह्यलं? अंगणातली बाई का होडीतला मानूस?"

खरं सांगते, डोकं चक्रावून गेलं. इतकी वर्षं या धंद्यात राहून हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पाटीला माणूस समोरूनच पाहतो. मी आत गेले, घरातली परात आणली, पाण्याने भरली आणि दुकानाच्या मधोमध ठेवली. एक वीट आणली आणि परातीच्या कडेला उभी केली. दार लोटून घेतलं आणि रॉकेलची चिमणी पेटवली. शेठ म्हणाले, "हे काय मांडलं बाई? पूजा घालता का?"

"हा समुद्र. हा कडा. हा सूर्य. सूनबाई, आता तू लाव जिथं जे असते तिथं."

निर्मला आधी सासऱ्याकडे पाहत राहिली, मग खाली बसली. तिने वीट थोडी फिरवली. चिमणी उचलून परातीच्या पलीकडे, विटेच्या समोर धरली, अगदी पाण्याला टेकवून. विटेची पाण्याकडची बाजू एकदम तांबूस झाली. पाण्यावर एक उजळ पट्टा आला आणि हलायला लागला.

"असं," ती म्हणाली. "हो. असंच. पट्टा असतो."

मी जमिनीला गाल टेकून परातीच्या एका टोकाकडून पाहिलं. इथून वीट उजवीकडे, चिमणी डावीकडे, मध्ये पाणी. दोन्ही दिसत होते. विटेचं एक अंग उजेडात, दुसरं काळं. शेठनाही मी खाली वाकायला लावलं. त्यांना वाकता येईना, मग ते सरळ जमिनीवर आडवे झाले, टोपीसकट.

"दिसलं का शेठ?"

"दिसलं बाप्पा. पण मी असा पडलेला कोनी पाह्यला तर दुकान बंद करा लागीन मले."

निर्मला तोंडावर पदर घेऊन हसली. शेठ जमिनीवरून म्हणाले, "हासली! आल्यापासून पहिल्यांदा हासली." मला तेव्हा हसण्याशी काही घेणं नव्हतं. मला दिसत होतं की सूर्य चुकला आहे. तो डावीकडे, खाली, पाण्याजवळ पाहिजे. कडा बदलता आला असता, तो माझा होता. सूर्य यांचा होता.

आजही मला कळत नाही की यांनी सूर्य तिथे का काढला होता. यांनी समुद्र पाहिला नव्हता का? का ती तिरकी रेघ कड्याची नव्हतीच, एखाद्या शिडाची किंवा ढगाची होती, आणि मी तिला कडा समजले? का यांच्या मनात दुसरंच काही होतं? विचारायला माणूस नव्हता. सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "त्यानं जे काढलं ते बरोबरच असीन." शेजारच्या टेलरला विचारलं तर तो म्हणाला, सूर्य वर आहे म्हणजे दुपार आहे. सगळ्यांना विचारून झालं तेव्हा माझं जे थोडं समजलं होतं तेही गेलं. मग मी पुन्हा परात भरली, पुन्हा वीट ठेवली आणि ठरवलं.

मी सफेदा घोटत होते तेव्हा बळीरामभाऊजी आले. डब्यात आभाळाचा रंग पाहिला, चित्र पाहिलं आणि दारातच थबकले.

"वहिनी, दादाचा सूर्य पुसता का तुम्ही?"

"पुसत नाही. झाकून राह्यली."

"झाकनं आन् पुसनं एकच झालं."

"चित्र पसंत पडलं पाह्यजे म्हून तुम्हीच सांगतलं ना?"

"म्हून काय दादाच्या हातचं शेवटचं..." दुकान सायकलवाल्याला देणारा हाच माणूस. सायकलवाल्यानं तर ते कापड फाडून चेन पुसली असती.

"भाऊजी, तो चुकीच्या जागी हाये."

"तुमाले काय माहीत? तुम्ही पाह्यला समुद्र?"

"नाही."

"मंग?"

"परातीत पाह्यला."

ते निघून गेले. मी सूर्यावर पहिला हात मारला. रडले वगैरे नाही. तेलरंगात एक नियम आहे, खालचा थर कमी तेलाचा आणि वरचा जास्त तेलाचा पाहिजे, नाहीतर वरचा थर नीट धरत नाही. मला तो माहीत होता. पण जास्त तेल म्हणजे जास्त दिवस, आणि दिवाळी तोंडावर आली होती. म्हणून वरच्या रंगात तेल कमी केलं आणि टर्पेंटाइन जास्त घातलं. पातळ झाला, पण लवकर वाळला. आभाळ सपाट झालं. डावीकडे, खाली, नवा सूर्य काढला. ती माझी पहिली रेघ. गोल आला नाही, डाव्या अंगाला चपटा झाला. निर्मला नंतर म्हणाली की पाण्याजवळ येतो तेव्हा तो चपटाच होतो. खरं का खोटं मला माहीत नाही. चांगल्या घरची मुलगी होती, मन राखायला म्हणाली असेल.

कडा मी तांबडा केला. आधी मुळातला तांबडा, त्यावर उजेडाचा शेंदरी. दोन्ही तांबडे एकमेकांत गेले आणि कोणता दगडाचा आणि कोणता सूर्याचा ते माझं मलाच ओळखू येईना. तसंच ठेवलं.

धनत्रयोदशीच्या आधी चित्र शेठच्या दिवाणखान्यात टांगलं. शेठीण म्हणाली, समुद्र तेलकट दिसतो. शेठ म्हणाले, तेलाचाच आहे. बळीरामभाऊजी भिंतीला टेकून उभे. निर्मलाला पुढे केलं. ती फार वेळ पाहत राहिली.

"काय सूनबाई, असाच असते का?" शेठनं विचारलं.

"आता मला नक्की नाही सांगता येत, मामंजी," ती म्हणाली. "पण राहू दे. रोज हा बघितला की हाच आठवेल."

शेठनं मान हलवली आणि बळीरामभाऊजींकडे पाहिलं. "पसंत हाये बाप्पा."

भाऊजी निघून गेले. चाबी त्यांनी कधी मागितली नाही. दुकानातही फार दिवस आले नाहीत. आले तेव्हा त्यांना बैलजोडीच्या गाडीवर नाव लिहून पाहिजे होतं. मी लिहून दिलं. रेघ माझी, भरणंही माझं.

नंतर समुद्राची साथच आली. शेठकडे पाहिलं म्हणून प्रत्येकाला समुद्र पाहिजे. हिवरा आश्रमाच्या रस्त्यावरचा हॉटेलवाला म्हणाला, कड्यावर माझी गाय पाहिजे, पण ती दूध देणारी दिसली पाहिजे. रोहिणखेडचा एक न्हावी आला, त्याला होडी पाहिजे आणि होडीवर त्याचं नाव, गाव आणि दाढी-कटिंगचा दर. मी सगळं केलं. परात आणि वीट दुकानातच राहिली. घरात भाकरीचं पीठ मळायला दुसरी परात आणावी लागली. दर वेळी नव्याने गोंधळ व्हायचा की पाहणारा कुठे उभा आहे. कधी बरोबर आलं, कधी चुकलं. मेहकरात कोणाला कळणार होतं? पण मला चुकीचं आहे की काय असं वाटत राहायचं, आणि विचारायला एकच बाई होती, जिला स्वतःलाच आठवत नव्हतं.

पुढे छापील पाट्या आल्या, दुकान बंद केलं. ते सगळ्यांचंच झालं.

मागल्या वर्षी निर्मलाचा निरोप आला. शेठ केव्हाच गेले, आता तीच घरातली मोठी, नातवंडं आहेत. म्हणाली, चित्राला काहीतरी झालं आहे, येऊन पाहा. मी आता माहेरी लोणारला असते; पिशवीत ब्रश आणि सफेद्याची नळी टाकून एसटीने मेहकरला गेले.

चित्रात दोन सूर्य होते.

डावीकडे खाली माझा, चपटा. आणि उजवीकडे, कड्याच्या वर, आभाळातून एक शेंदरी गोळा वर आला होता. फिकट, पण गोल, आणि कडेला तोच पिवळा. तेलरंग वर्षं गेली की पारदर्शक होत जातो. वरचा थर पातळ असला की खालचं दिसायला लागतं. धंद्यातल्या माणसाला यात काही नवल नाही. तरी मी खुर्ची मागितली आणि बसले.

"आधी वाटलं डाग आहे," निर्मला म्हणाली. "पुसून बघितला. दर वर्षी वाढतोच आहे. पाहुणे विचारतात. ही पोरं म्हणतात, आजी, एक खोडून टाक."

"कोनता?"

"कुठलाही म्हणतात."

मी स्टुलावर चढले. नळीतला सफेदा काढला, तेल घातलं, या वेळी भरपूर, आता घाई नव्हती. वरच्या सूर्यासमोर ब्रश धरला. एक जाड हात दिला की माझ्या हयातीत तो परत येणार नाही, एवढं मला कळत होतं. निर्मला खाली स्टूल धरून उभी.

"तुम्हीच एकदा मला विचारलं होतं, पाहणारा कुठे उभा आहे म्हणून," ती म्हणाली. "आता मी काय सांगते लोकांना, माहीत आहे? एक उगवतोय, एक मावळतोय."

"कोनता उगवून राह्यला?"

"ते मला कुठे ठाऊक. मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल."

मी पुन्हा पाहिलं. वरचा पाहिला, खालचा पाहिला. मग ब्रश चिंधीला पुसला आणि खाली उतरले.

"काय झालं?"

"सफेदा बरोबर नाही. आता पहिल्यासारखा भेटत नाही."

तिने नळीकडे पाहिलं, ती नवी कोरी होती. मग तिने चहा टाकला.

परतताना एसटीत खिडकीशी जागा मिळाली. दिवस बुडत होता, डोंगराच्या मागे. आमच्याकडे तो तिकडेच जातो.